रूम पार्टनर भाडं न देता गेला? फ्लॅट घेताना पोरं करतात त्या चुका टाळा

बारावीचे, सीईटीचे निकाल लागले की लातूर, नांदेड, संभाजीनगरात रूम शोधणाऱ्यांची जत्रा भरते. हॉस्टेलला नंबर लागला नाही की चौघांनी मिळून टू बीएचके बघायचा, डिपॉझिट गोळा करायचं, ज्याचं आधार कार्ड हाताशी असेल त्याने सही करायची अन् मेस शोधायला निघायचं. तेव्हा सगळे भाऊ-भाऊ असतात. भांडण लागतं दिवाळीनंतर. एक जण "गावाकडून जाऊन येतो" म्हणून जातो, फोन उचलायचं बंद करतो, मग मालक उरलेल्या तिघांना म्हणतो पूर्ण भाडं द्या नाहीतर रूम खाली करा, अन् तिघं म्हणतात काका आमचा हिस्सा तर आम्ही दिला की.

ही "आमचा हिस्सा दिला" वाली समजूत पहिली चूक, अन् सगळ्यात महागात पडणारी.

मालकाला तुमच्या हिश्श्याशी काही घेणंदेणं नसतं. चौघांच्या सह्या असतील अन् करारात "प्रत्येकी इतके" असं वेगळं लिहिलेलं नसेल, तर ते संयुक्त वचन झालं. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ४३ सांगतं की अशा वेळी समोरचा माणूस चौघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. समजा भाडं १०,००० आहे अन् बीडचा गडी निघून गेला. मालक परभणीवाल्याला एकट्याला धरून दहाच्या दहा हजार मागू शकतो. परभणीवाल्याने भरले तर त्याला बाकी तिघांकडून २,५००-२,५०० वसूल करायचा हक्क आहे, हेही त्याच कलमात आहे. पण बीडवाल्याने त्याचे २,५०० दिलेच नाहीत तर तो तोटा उरलेल्या तिघांनी सारखा वाटून घ्यायचा, म्हणजे प्रत्येकी ८३३ रुपये अन् वर काही पैसे. अन् मालकाने दया येऊन बीडवाल्याला "जा बाबा, तुझं माफ" म्हटलं तरी तुम्ही सुटत नाही, कलम ४४ तेच सांगतं. वाईट वाटेल, पण मालक इथं लबाडी करत नाहीये.

एकाच्याच नावावर ऍग्रीमेंट हा तर वेगळाच ताप. सही त्याची, म्हणून भाड्याची पूर्ण जबाबदारी त्याची. बाकीच्या तिघांनी पैसे नाही दिले तर मालक त्यालाच विचारणार. तिघंही निवांत असतात असं समजू नका, कारण कागदावर ते तिथं राहतच नाहीत. सहीवाल्याचं त्यांच्याशी बिनसलं, किंवा मालक म्हणाला हे कोण, मी यांना ठेवलंच नव्हतं, तर दाखवायला काय आहे? डिपॉझिटसुद्धा सहीवाल्यालाच परत मिळणार. त्यामुळे राहणाऱ्या सगळ्यांची नावं टाका. लातूरला अकरावी-बारावीची, नीटची तयारी करणारी लेकरं बऱ्याचदा १८ च्या आतली असतात, त्यांच्या सहीला करारात किंमत नाही, तिथं आई-वडिलांपैकी कुणीतरी सही करायला येणं भाग आहे. एका दिवसाची एसटी वारी होईल, होऊ द्या.

बाँडवर नोटरी केली म्हणजे झालं, हीपण नेहमीची चूक. "११ महिन्यांचं असलं की रजिस्टर करायची गरज नाही" हे एजंटही छातीठोकपणे सांगतात, अन् आपल्या राज्यात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे रूम भाड्याने घेताना करतात ते ऍग्रीमेंट) लेखी पाहिजे अन् नोंदवलेलंच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने केली नाही अन् पुढे अटींवरून वाद झाला तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटचं धरलेलं व्याज मिळवतात, अन् शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. चौघांत वाटून घेतलं तर एका वाढदिवसाच्या पार्टीपेक्षा कमीच.

नोंदणी करायचीच आहे तर मग ११ चा हट्ट कशाला? १५ जूनपासून ११ महिने धरले तर मुदत संपते १४ मे ला. नीट मेच्या सुरुवातीला, सीईटी त्याच्याच आसपास, विद्यापीठाचे पेपर तर कधी जूनपर्यंत लांबतात. ऐन परीक्षेच्या तोंडावर मालक म्हणणार रिन्यू करा, भाडं वाढलं. अन् मुदत संपूनही रूम सोडली नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. सरळ १२ किंवा १३ महिन्यांचं करा. लॉक-इन, म्हणजे किती महिने रूम सोडता येत नाही, तेवढं मात्र नीट वाचा, त्याच्या आत एकाने सोडलं तरी भाडं चालूच राहतं.

आता भाड्याची तारीख. आपल्याकडं घरून पैसा कधी येतो? सोयाबीन निघून विकल्यावर, कापूस असेल तर त्याच्याही नंतर. जून-जुलैत बापाचे सगळे पैसे बी-खतात गेलेले असतात. स्वाधार योजनेचे (हॉस्टेल न मिळालेल्या एससी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी सरकार देतं ते) पैसे खात्यावर कधी पडतील त्याचा नेम नसतो. बरेचदा भाडं थकतं ते बदमाशीने नाही, याच्यामुळे. मग हे मालकाशी आधीच बोला ना राव. गाववाला मालक असेल तर त्याला सोयाबीनचं गणित समजावून सांगावं लागत नाही. पहिले चार महिने भाडं थोडं कमी अन् दिवाळीनंतर उरलेलं जोडून, असं ठरलं तर ते ऍग्रीमेंटमध्येच लिहा, तोंडी ठेवू नका.

लाइट बिल अन् पाण्याचं पण लिहून ठेवा. मार्चपासून कूलर चालू होतात, ज्याच्या खोलीत कूलर नाही तो म्हणतो मी काहून जास्त भरू. टँकरचे पैसे मालकाचे की पोरांचे हेही ठरवा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आलेल्या लातुरात तर हा प्रश्न विचारल्याशिवाय रूमच घेऊ नका.

मालकाच्या ऍग्रीमेंटशिवाय चौघांचा आपसातला एक कागद पाहिजे. कुणाचा हिस्सा किती, डिपॉझिट कुणी किती दिलं, मधेच सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं अन् बदली पार्टनर कुणी आणायचा. वहीच्या पानावर लिहून चौघांनी सह्या केल्या तरी चालतं, फोटो काढून ग्रुपवर टाका.

अन् भाडं ऑलरेडी थकलं असेल तर?

मालकाला टाळू नका. व्हॉट्सऍपवर साधा मेसेज टाका: "काका, अमुक तारखेपासून आमचा एक पार्टनर राहत नाही. या महिन्याचे ७,५०० पाठवले, राहिलेले २,५०० अमुक तारखेपर्यंत देतो." यूपीआयने पाठवताना नोटमध्ये महिना अन् "भाडं" लिहा, रोख दिले तर पावती मागाच. जमलं तर तिघांनी मिळून पूर्ण भाडं भरून टाका अन् गेलेल्याच्या मागे नंतर लागा. त्यालाही रक्कम, महिने अन् मुदत लिहून लेखी मागणी पाठवा. त्याच्या घरी फोन केला तर बऱ्याच वेळा तिथंच मिटतं, कारण बापाला माहीतच नसतं की पोराने भाड्याचे पैसे दुसरीकडं उडवले. नाहीच मिटलं तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. मुलींना आणि एससी-एसटीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अन् प्रकरण कोर्टात जायच्या आधीच लोकअदालतीत ठेवता येतं. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

"पोलिसात देतो" ऐकून घाबरू नका, नुसतं भाडं थकणं हा दिवाणी मामला आहे. पण मालकाकडं ओरिजिनल मार्कशीट किंवा टीसी तारण म्हणून कधीच ठेवू नका, झेरॉक्स द्या.

नवीन पार्टनर आणला की मालकाला सांगून त्याचं नाव कागदावर घ्या, पोलिसांकडं भाडेकरूची माहिती जाते त्यातही त्याचं नाव पाहिजे. जुन्याच्या डिपॉझिटचा हिशोब त्याच दिवशी करा, थकलेलं भाडं अन् लाइट बिल कापून. नवा जुन्याला परस्पर पैसे देणार असेल तर मालकाकडून "डिपॉझिट आता याच्या नावावर" एवढा एक मेसेज घेऊन ठेवा, नाहीतर वर्षाच्या शेवटी चावी देताना मालक जुन्यालाच फोन लावेल.