परसातल्या नव्या हौदात मासे मरत होते, त्याचा उपाय

हौद सिमेंटचा, ८ × ५ फूट, अडीच फूट खोल. गोल्डफिश सोडले की दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर तोंड उघडझाप करत, तिसऱ्या दिवशी उलटे. एअर पंप लावला, दुकान बदललं, मग कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणली (चूकच, कटला मीटरभर वाढतो). महिनाभर नुसते मासे पुरत होतो.

शेवटी पीएच पट्टी (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते दाखवणारी) बुडवली: ९.५, म्हणजे फारच अल्कधर्मी. कच्च्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरत होता.

मग हौद रिकामा करून भिंती पांढऱ्या व्हिनेगरने घासल्या, धुतल्या. पाणी भरून चार दिवस ठेवायचं, सोडून द्यायचं, असं तीनदा. चौथ्या भरणीला चार दिवसांनीही पीएच ८ च्या आतच. क्लोरीन उडायला नळाचं पाणी आधीच दोन दिवस उघडं राहू दिलेलं असावं. अर्ध्या भागावर कुमुदिनीची सावली केली.

आधी फक्त सहा गप्पी. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवली, हौदाचं पाणी थोडं थोडं आत घातलं, मग मासे जाळीने उचलून सोडले. आठवड्याने आणखी दहा. डासांच्या अळ्याही तेच फस्त करतात. वाढले तरी ओढ्यात सोडू नका, तिथल्या माशांना त्रास होतो.