केळीच्या रोपांची जाहिरात आणि वाया जाणारे क्लिक

गुगलवर क्लिकमागे पैसे मोजाव्या लागणाऱ्या जाहिरातींचे काम मी जळगावात करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जाहिरातदार टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेल्या) केळीची रोपे किंवा ठिबकचे साहित्य विकणारे आहेत. या क्षेत्रात येऊ पाहणारे तरुण सर्वांत आधी विचारतात, की बोली, म्हणजे एका क्लिकसाठी जास्तीत जास्त द्यायची रक्कम, किती लावावी. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. आधी सर्च टर्म्स रिपोर्ट, म्हणजे कोणत्या शोधांवर जाहिरात दिसली त्याची यादी, वाचायला शिकावे, कारण आपण निवडलेला कीवर्ड (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची ते शब्द) आणि माणसाने प्रत्यक्ष टाइप केलेले शब्द यांत पुष्कळ अंतर असते.

‘केळी रोपे’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचमध्ये, म्हणजे संबंधित शोधांवरही जाहिरात दिसेल अशा पर्यायात ठेवला, तर रोपे घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याबरोबरच लागवडीची माहिती जमवणारा विद्यार्थी, प्रयोगशाळेत नोकरी शोधणारा उमेदवार आणि कुंडीसाठी एकच रोप हवे असलेला शहरी ग्राहक, या सर्वांच्या क्लिकचे पैसे नर्सरीच्या खात्यातून जातात. म्हणून ‘नोकरी’, ‘प्रशिक्षण’, ‘पीडीएफ’, ‘कुंडी’ असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या यादीत घालावेत, आणि तेही देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत, एकवचनी आणि अनेकवचनी रूपांसह. कारण समानार्थी शब्द किंवा शब्दाची इतर रूपे तेथे आपोआप वगळली जात नाहीत. ‘अनुदान’ हा शब्द मात्र घाईने वगळू नये. अनुदानाची चौकशी करणारा शेतकरी अनेकदा खरेदीच्याच तयारीत असतो.

स्थळाच्या सेटिंगमध्ये गुगलचा मूळ पर्याय त्या भागात असणाऱ्यांबरोबर त्या भागाविषयी शोध घेणाऱ्यांनाही जाहिरात दाखवतो. जळगावची केळी सर्वदूर माहीत असल्यामुळे येथे तो महागात पडतो आणि म्हणून बदलावा. रावेरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरसाठी हिंदीतील स्वतंत्र मोहीम ठेवावी.

क्वालिटी स्कोअर, म्हणजे गुगलने कीवर्डला दिलेले गुण, १ ते १० असा मिळतो आणि तो क्लिक येण्याची अपेक्षा, जाहिरातीची समर्पकता व लँडिंग पेजचा (क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा) अनुभव या तीन गोष्टींवरून ठरतो. तो निदानासाठी उपयोगी आहे, पण त्याच्या मागे लागू नये. ३० अक्षरांच्या शीर्षकात किमान मागणीची (कमीत कमी किती रोपे घ्यावी लागतील याची) अट लिहिली, तर क्लिकचे प्रमाण घटते हे खरे. तरीही जे क्लिक येतात ते खरेदीदाराचे असतात, आणि मला तो व्यवहार नेहमीच योग्य वाटतो. लँडिंग पेजवर ग्रँड नैन या केळीच्या वाणाचा दर, रोपे पोहोचवण्याचे तालुके आणि फोन क्रमांक मोबाइलवर उघडताक्षणी दिसावा.

आपल्याकडील शेतकरी फॉर्म भरण्यापेक्षा फोन करणे पसंत करतो, त्यामुळे ठरावीक सेकंदांहून अधिक चाललेला फोनच कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातीतून साधलेले फळ, म्हणून मोजावा. समजा, एका क्लिकला ८ रुपये पडतात आणि २० क्लिकमागे एक फोन येतो, तर एक फोन १६० रुपयांना पडला. शब्द आणि पेज सुधारून तोच फोन १० क्लिकमागे येऊ लागला, तर बोलीला हात न लावता खर्च ८० रुपयांवर येतो.

केळीच्या दोन हंगामांपैकी मृग बागेची लागवड जून-जुलैमध्ये आणि कांदे बागेची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, पण रोपांची नोंदणी त्याच्या बरीच आधी सुरू होते. त्यामुळे जास्तीचे बजेट नोंदणीच्या काळात लावावे, आणि निकालांची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागील वर्षीच्या त्याच बागेशी करावी.