सायकल विमानात टाकताना या चुका टाळा

विमानातून आलेली सायकल वाकलेली निघाली की आपण लोडरच्या नावाने बोटं मोडतो. मीही तेच केलं होतं. नंतर कळलं, निम्मी वाट बेळगावात घरच्या अंगणातच लागली होती.

मुख्य चूक म्हणजे खोकं उभंच राहील हा भरवसा. कितीही बाण काढा, ते आडवं पडणार आणि वर कुणाची तरी बॅग बसणार. आडवं पडलं की पहिला मार मागच्या डिरेलरला, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवून गिअर बदलणाऱ्या भागाला. तो ज्या हँगरवर लटकतो, तो ॲल्युमिनियमचा तुकडा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, फ्रेमच्या आधी त्याने वाकावं म्हणून. माझा इतका थोडा वाकला होता की नजरेला दिसलाच नाही. पुढे घाटात सर्वांत हलका गिअर टाकला आणि डिरेलर थेट स्पोकमध्ये! आता मी डिरेलर हँगरवरून सोडवतो, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधतो. त्याच मॉडेलचा जादा हँगरही सोबत असतो. दुसऱ्या सायकलचा सहसा बसत नाही.

पेडलचीही तीच गत. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरून मी पाईप लावून जोर काढला होता. शहापुरातले मिस्त्रीमामा क्रँक, म्हणजे पेडल बसतं तो दांडा, बघून म्हणाले, "आटे घालवून बसलास की रे!" पान्ह्याची मूठ वर धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा; दोन्ही बाजूंची पेडलं अशीच सुटतात. बसवताना आधी बोटांनी फिरवा, पान्हा नंतर.

खोकं नव्या सायकली विकणाऱ्या दुकानातून मागून आणा. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या (ते चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) दोन टोकांमध्ये अडकवायचा प्लास्टिकचा तुकडाही तिथेच मिळेल. तो नसेल तर वजन पडून फोर्क दाबला जातो. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठा घाला, नाहीतर लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. टायरची हवा थोडी कमी करा, पूर्ण काढू नका. रिमला तोच आधार.

पाहुण्यांसाठी कुंद्याचे डबे त्याच खोक्यात कोंबायचा मोह आवरा. सुटा डबा आत हातोडीसारखा आपटतो, आणि वजन वाढतं ते वेगळंच. एका नगाला साधारण ३२ किलोची मर्यादा असते.

सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, एटीआर, एम्ब्रेअर अशी छोटी विमानंही येतात, त्यांच्या सामानाच्या कप्प्याचं दार लहान. तिकीट काढतानाच खोक्याची लांबी-रुंदी कळवून होकार लेखी घ्या. ई-सायकलचा तर विचारच सोडा: ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी ३६० वॅट-तासांची होते, आणि प्रवासी विमानात सुट्या बॅटरीची कमाल मर्यादा १६०. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, पान्हे खोक्यात. उलट केलंत तर दोन्हीकडे अडवतील.

उतरल्यावर खोकं नेहमीच्या पट्ट्यावर येईलच असं नाही, मोठ्या सामानाची जागा विचारा. ते तिथेच उघडा, फोटो काढा आणि मोडतोड दिसली तर दाराबाहेर पडण्याआधी काउंटरवर नोंद करून प्रत घ्या. घरी येऊन फोन केलात की पहिला प्रश्न त्या कागदाचाच येतो.