हार्ड एक्स-रे दुर्बिणीचा प्रस्ताव कसा तपासावा

हार्ड, म्हणजे जास्त ऊर्जेचे, एक्स-रे टिपणाऱ्या नव्या दुर्बिणीच्या प्रस्तावात पहिल्याच पानावर '८० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत' असं ठळक लिहिलेलं असतं, म्हणजे एवढ्या ऊर्जेपर्यंतचे किरण टिपू असा दावा. तो आकडा बाजूला ठेवा आणि आधी नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर, शोधा.

मग कागदावर गणित मांडा. अशा दुर्बिणीचा आरसा एकात एक बसवलेल्या नळीसारख्या कवचांचा असतो आणि त्यांवर अतिपातळ थरजोड्यांचा लेप असतो. कवचाच्या त्रिज्येला नाभीय अंतराच्या चौपटीने भागलं की किरण आरशाला किती कोनात घासतो ते रेडियनमध्ये मिळतं. १.२४ ला ऊर्जेने (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये. तिला कोनाच्या दुपटीने भागा: लेपातल्या एका थरजोडीची जाडी आली.

२०१२ पासून काम करणाऱ्या नासाच्या नूस्टार या हार्ड एक्स-रे दुर्बिणीचं नाभीय अंतर १०.१४ मीटर. सर्वांत आतलं कवच ५४.४ मिलिमीटर त्रिज्येचं, म्हणजे कोन १.३४ मिलिरेडियन आणि ८० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला (पुढचे ऊर्जेचे आकडेही याच एककात) जाडी ५.८ नॅनोमीटर, असे थर देता येतात. बाहेरचं कवच १९१ मिलिमीटरचं, तिथे जाडी जेमतेम १.६५ येते. एवढ्या पातळ थरांत सीमेचा खडबडीतपणाच परावर्तन गिळून टाकतो. म्हणून वरच्या ऊर्जेला फक्त आतली कवचं कामाला येतात आणि परिणामी क्षेत्रफळ, म्हणजे किरण गोळा करणारं प्रत्यक्ष उपयोगी क्षेत्रफळ, कोसळतं. हेक्स-पी या दुर्बिणीच्या प्रस्तावाने २० मीटर नाभीय अंतर मागितलं ते याच कारणासाठी: तेच बाहेरचं कवच तिथे ३.२५ वर येतं. थोडक्यात, परिणामी क्षेत्रफळ १० ला किती हे विचारू नका, ६० ला किती ते विचारा.

लेपात प्लॅटिनम असेल तर ७८.४ च्या पुढे भिंत आहे, तिथून तो धातूच किरण शोषून घेतो; टंगस्टनची भिंत ६९.५ लाच. ताऱ्यांच्या स्फोटात बनणाऱ्या किरणोत्सारी टायटॅनियम-४४ ची एक रेषा (ठरावीक ऊर्जेचे किरण) ७८.३ वर, भिंतीला अगदी लागून पडते, हे दुर्दैवच.

यानंतर प्रतिमेची तीक्ष्णता. अर्धी ऊर्जा सामावणारा ठिपका ६० वरून १५ आर्कसेकंदांवर (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आला, तर त्याखालची पार्श्वभूमी सोळापट घटते आणि मंद स्रोतांसाठी संवेदनशीलता सुमारे चौपट वाढते. क्षेत्रफळ वाढवून हे साधायला सोळापट आरसे लागतील. पिक्सेलही त्या मापाचे आहेत ना, पाहा: २० मीटरवर एक आर्कसेकंद म्हणजे ०.०९७ मिलिमीटर. ठिपक्यावर दोन-तीन पिक्सेल तरी बसायला हवेत.

लांब नाभीय अंतर म्हणजे आरसे आणि संवेदक यांना दूर धरणारा, कक्षेत उघडणारा मनोरा. उन्हा-सावलीत तो वाकतो, त्यामुळे लेझरने सतत मोजमाप हवंच. ते नसेल तर प्रस्ताव परत पाठवा. मनोरा उघडा असेल तर आणखी एक भानगड: एक ते पाच अंशांवरच्या तेजस्वी स्रोताचे किरण आरसे चुकवून थेट संवेदकावर येतात. अडवणाऱ्या पडद्यांचा आराखडा मागा.

कक्षाही तपासा. पृथ्वीजवळच्या कक्षेत पृथ्वी आड येऊन निरीक्षणाचा जवळपास निम्मा वेळ जातो. निरीक्षणकाळाचा तक्ता घड्याळी तासांत आहे की प्रत्यक्ष प्रकाश टिपलेल्या तासांत, हे तिथेच विचारून घ्या.