सनदेतला पूर्वज नेमकं काय करत होता?

घरात पेशवाईतली सनद किंवा नेमणुकीचा मोडी कागद असेल, तर नावाआधी साल शोधा. ते बहुधा अरबी शब्दांत असतं. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ७, ७०, १०० आणि १०००, मिळून ११७७. हा सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या कागदांत वापरली जाणारी कालगणना. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७६. मात्र हे वर्ष मृग लागताना सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे.

मग हुद्दा बघा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारातून मिळालेला. या एका शब्दावरून घरची ऐपत कळते. (‘आमचे पूर्वज सरदार होते’ हे कागदात दिसेपर्यंत ऐकून सोडून द्यावं.) तैनातीची (म्हणजे पगाराची) रक्कम, परगणा, गावाचं नाव टिपून ठेवा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. तिथे नुसतं आडनाव घेऊन गेलात तर दिवस फुकट जाईल. साल आणि परगणा सांगता आला तर शोध पुष्कळ आटोक्यात येतो.

मूळ कागद सोबत नेऊ नका, स्वच्छ फोटो पुरतात. आणि लॅमिनेशन तर मुळीच नको.