सामाजिक मानसशास्त्र शिकताना या चुका टाळा

"मिलग्रॅमने सिद्ध केले की माणूस मुळातच क्रूर असतो."

हे वाक्य मी लाल शाईने किती वेळा खोडलं असेल, त्याची मोजदाद नाही. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी गेली बारा वर्षं तासिका तत्त्वावर सामाजिक मानसशास्त्र शिकवतो. तपासायला आलेल्या गठ्ठ्यात दर तिसऱ्या उत्तरपत्रिकेत हे वाक्य सापडतंच. लिहिणाऱ्यानं पाठांतर चोख केलेलं असतं. साल बरोबर, नाव बरोबर, आकडेही बरोबर. फक्त प्रयोगाचा अर्थ उलटा.

म्हणून या चुकीपासूनच सुरुवात करू. बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटच्या आहेत.

माणसाचा स्वभाव शोधायला जाऊ नका

स्टॅनली मिलग्रॅमनं येल विद्यापीठात 1961 मध्ये प्रयोग सुरू केले आणि पहिले निष्कर्ष 1963 मध्ये छापले. प्रयोग घेणाऱ्याच्या हुकमावरून, पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तरात चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, 15 व्होल्टपासून 450 पर्यंत चढत जायचं. झटके खोटे होते आणि पलीकडचा माणूस ठरवून बसवलेला होता. (झटके खरे होते असं लिहिणारेही दरवर्षी निघतात.) छापलेल्या त्या पहिल्या निष्कर्षात 40 पुरुषांपैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले, म्हणजे 65 टक्के. विद्यार्थी इथंच वही मिटतो.

पण मिलग्रॅम तिथं थांबला नव्हता. पुढच्या एका प्रकारात त्यानं झटके देणाऱ्याच्या जोडीला दोन साथीदार बसवले. दोघेही मिलग्रॅमचेच. त्यांनी मध्येच "आम्ही नाही करत" म्हणून काम सोडलं. आता शेवटपर्यंत गेले 40 पैकी फक्त 4. माणसं त्याच भागातली, तशीच साधी, नोकरीधंदा करणारी. क्रौर्य जर रक्तातच असेल, तर 26 चे 4 कसे झाले? प्रयोगाचा सगळा जीव या फरकात आहे. आणि जे शेवटपर्यंत गेले ते काही मजेत बटणं दाबत नव्हते. घाम फुटलेले, थरथरणारे, कसनुसं हसणारे लोक होते ते.

एखाद्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि तो कुठल्या परिस्थितीत उभा होता हे बघायचंच नाही, या खोडीला ली रॉसनं 1977 मध्ये फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर असं नाव दिलं. म्हणजे आमची पोरं मिलग्रॅमवर उत्तर लिहिताना नेमकी तीच चूक करतात, जिची व्याख्या त्यांनी मागच्याच पानावर लिहिलेली असते.

पोरांना काय बोलू, मीही तेच केलंय. एका वर्षी एक मुलगा दिवाळीनंतर जो गायब झाला, तो उन्हाळ्यापर्यंत दिसलाच नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी 'निष्काळजी' असा शेरा मारला. नंतर कळलं, भावानं मुकादमाकडून उचल घेतली होती, भावजय बाळंत झाली, आणि तिच्या जागी अर्धा कोयता, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीतला एक, म्हणून हा कारखान्यावर गेला होता. त्याच महिन्यात मी वर्गात ली रॉस शिकवत होतो. तो हजेरीपट अजून माझ्याकडे आहे, आणि शेरा मी खोडलेला नाही.

आता दुसऱ्या टोकाची चूक. 'सगळं परिस्थितीच करते' असंही लिहू नका. कुर्ट लेविनचं सूत्र सांगतं की वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोन्हींवर अवलंबून असतं. पहिल्या 40 मधले 14 जण थांबले होतेच की.

आणि 'ही चूक जगातली सगळी माणसं सारखीच करतात' असंही नको. जोन मिलरनं 1984 मध्ये अमेरिकेतल्या आणि आपल्या म्हैसूरच्या लोकांची तुलना छापली. लहान मुलांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. पण वय वाढेल तसे अमेरिकन लोक स्वभावाकडे बोट दाखवू लागले आणि म्हैसूरचे लोक नात्याकडे, प्रसंगाकडे. आपल्याकडे "वेळच तशी होती त्याची" असं म्हणणारी म्हातारी माणसं कोणत्याही पारावर भेटतात. त्यांनी ली रॉस वाचलेला नसतो.

टक्केवारीची एकच बाजू वाचू नका

सॉलोमन ॲशचा रेघांचा प्रयोग. समोरच्या रेघेएवढी रेघ तिघांतून ओळखायची, आणि आधी बोलणारे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देतात. 'लोक गटाच्या मागे मेंढरासारखे जातात' एवढं लिहून विद्यार्थी मोकळा होतो. आकडे बघा: गटाच्या दबावाखालची साधारण 37 टक्के उत्तरं चुकली, म्हणजे 63 टक्के बरोबर आली. चौघांतले तिघे कधी ना कधी वाकले, एक एकदाही वाकला नाही. गटात एक जरी जण खरं बोलणारा निघाला, तरी दबाव पार ओसरायचा.

ग्रामसभेत बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. ठराव वाचला जातो, पुढच्या ओळीतले हात वर जातात, मागचेही जातात. पण मागून एखादी बाई "थांबा, हे काम तर झालंच नाही" म्हणाली, की वर गेलेले चार हात हळूच खाली येतात. उत्तरात 63 लिहा आणि तो एकटा साथीदारही लिहा.

"तुम्ही जात पाळता का?" असं विचारू नका

प्रकल्पासाठी प्रश्नावली करायची असते, तिथली ही चूक आहे, आणि सगळ्यात महागात पडणारी. आमच्या एका गटानं 'युवकांच्या जातीविषयक अभिवृत्ती' असा विषय घेतला, 40 जणांना सरळ विचारलं, "तुम्ही जात पाळता का?" चाळीसच्या चाळीस 'नाही'. पोरं खूश, निष्कर्षात लिहिलं, 'युवकांमध्ये जातीयता संपुष्टात आली आहे.' तोंडी परीक्षेच्या वेळी मी त्यातल्या एकाला विचारलं, "खोली कुठं घेतलीस रे?" तो म्हणाला, "सर, तीन ठिकाणी फिरलो. पहिलं नाव सांगितलं की म्हणतेत, पूर्ण नाव सांगा. आडनाव सांगितलं की खोली आधीच दिलेली असती."

म्हटलं, हेच लिही. हाच तुझा प्रकल्प.

माणूस म्हणतो काय आणि करतो काय, हा या शास्त्राचा जुना प्रश्न आहे. रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर हिंडला. 251 हॉटेलं-खाणावळी झाल्या, नकार मिळाला एकाच ठिकाणी. नंतर पत्र पाठवून विचारलं, "चिनी माणसाला जागा द्याल का?" उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक 'नाही' म्हणाले. हा अभ्यास 1934 मध्ये छापून आला. आपल्याकडे चित्र उलटं दिसतं: कागदावर 'पाळत नाही' आणि दारात 'आडनाव काय?' दिशा कोणतीही असो, कागद आणि दार यांत अंतर असतं.

पण लापिएरवरही डोळे झाकून विश्वास नको. पत्राला उत्तर देणारा आणि दारात जागा देणारा माणूस एकच होता याची खात्री नाही. शिवाय प्रश्न 'कुणीही चिनी' माणसाबद्दल होता, आणि दारात उभं होतं नीटनेटकं, हसतमुख जोडपं. मोघम प्रश्नातून नेमकं वागणं कळत नाही, ही शिकवण पुढच्या संशोधकांनी यातूनच घेतली. म्हणून प्रश्न नेमके करा: गेल्या महिन्यात कुणाकुणाच्या घरी जेवलात? खोलीत सोबत कोण राहतं? लग्नपत्रिका कुणाकुणाला दिली? आणि नाव लिहायला लावू नका.

शब्दांची भेळ

हे पटकन उरकतो. डोक्यातला साचा म्हणजे 'अमुक गावचे लोक असेच'. त्याला नावडीची किंवा रागाची जोड मिळाली की पूर्वग्रह. त्यावरून खोली नाकारली की भेदभाव. पहिला विचारात, दुसरा भावनेत, तिसरा कृतीत. तसंच कुणी न सांगता गटासारखं वागणं वेगळं, कुणी विनंती केली म्हणून करणं वेगळं आणि वरच्यानं हुकूम दिला म्हणून करणं वेगळं. ॲश पहिल्यात, मिलग्रॅम तिसऱ्यात. एकाच्या उत्तरात दुसरा घातला की मार्क गेले.

गाजलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे

मार्च 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला आणि '38 जण बघत राहिले, कुणी फोनही केला नाही' अशी बातमी गाजली. पाठ्यपुस्तकांतून ती आजही चालत आलीय. ती अतिरंजित होती. इतक्या लोकांनी सगळं पाहिलंच नव्हतं, आणि एक शेजारीण तर तिच्याजवळ धावून गेली होती. ज्या वर्तमानपत्रानं ही बातमी छापली त्यानंच पुढे ती सदोष असल्याचं मान्य केलं. पण त्यातून निघालेला डार्ली आणि लाटाने यांचा 1968 चा प्रयोग पक्का आहे. फिट आलेल्या माणसाचा आवाज आपण एकटेच ऐकतोय असं वाटलं तेव्हा 85 टक्के लोक वेळेत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तेव्हा 31 टक्के. उत्तरात गोष्ट एका ओळीत लिहा आणि प्रयोग पानभर. अपघाताच्या जागी "कुणीतरी फोन लावा" असं ओरडू नका, "ओ पांढऱ्या टोपीवाले मामा, तुम्ही 108 लावा" म्हणा.

1971 च्या स्टॅनफर्डच्या तुरुंगाचंही तसंच. तिथं प्रयोगासाठी मुलांतूनच काहींना कैदी आणि काहींना पहारेकरी करून लुटुपुटूचा तुरुंग मांडला होता. पहारेकरी झालेली मुलं आपोआप कठोर झाली असं ठोकून देऊ नका. त्यांना कडक वागायला सांगितलं जात होतं, हे ध्वनिमुद्रणातून पुढे आलंय.

'विसंवाद' म्हणजे गोंधळ नव्हे

लिऑन फेस्टिंगरच्या बोधात्मक विसंवादावर 'काय करावे सुचत नाही अशी मनाची अवस्था' असं उत्तर येतं. ती झाली द्विधा, आणि ती निर्णयाच्या आधी असते. विसंवाद म्हणजे आपलं मत आणि आपली कृती जुळत नाही तेव्हा मनाला लागणारी टोचणी, आणि तो बहुधा करून बसल्यावर सुरू होतो. 2021 चा चढा भाव डोळ्यांपुढे ठेवून ज्यानं सोयाबीन घरात ठेवलं आणि भाव पडला, तो पुढं आडतीवर भेटला की काय म्हणतो ऐका: "वाळलेल्या मालाचं वजन बरोबर येतं, घाई कशाला?" डोकं आता केलेल्या गोष्टीला टेकू लावतंय.

फेस्टिंगरचा 1959 चा प्रयोगही हमखास उलटा लिहिला जातो. कंटाळवाणं काम 'मजेदार होतं' असं दुसऱ्याला खोटं सांगायला काहींना 1 डॉलर दिला, काहींना 20. मग त्यांना विचारलं, काम खरंच कसं वाटलं? जास्त चांगलं म्हणाले ते 1 डॉलरवाले. 20 डॉलरवाल्याकडे खोटं बोलायला कारण होतं; एकवाल्याला कारण पुरलं नाही, म्हणून त्यानं मतच बदललं.

हा सिद्धान्त आपल्या मातीतून गेलाय, हे मात्र एकाही उत्तरपत्रिकेत नसतं. 1934 च्या बिहारच्या भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवा गोळा केल्या. धक्का जाणवला पण पडझड झाली नाही, अशा भागात 'याहून मोठं संकट येणार' अशा अफवा पसरल्या होत्या. फेस्टिंगर त्यावर अडखळला: घाबरलेला माणूस आणखी घाबरवणारी गोष्ट का धरून ठेवेल? मग त्याला सुचलं, भीती आधी आली होती, अफवा तिला कारण पुरवत होती. 1952 मध्ये दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडींनंतरच्या अफवांचा अभ्यास छापला. तिथं खरोखर नुकसान झालं होतं, आणि तशा वाढीव अफवा नव्हत्या.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझं सातवीचं वर्ष आठवलं. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीकडे गावंच्या गावं मातीखाली गेली. आमचं गाव परळीकडचं, शंभरएक किलोमीटर लांब. पत्रे वाजले, भांडी पडली, भिंतीला साधा तडा नाही. तरी सगळं गाव आठवडाभर रानात झोपायचं. एका संध्याकाळी कुणीतरी आलं, "आज रात्री अकराला याच्याहून मोठा येणार हाय." कुठून कळलं, हे कुणीच विचारलं नाही. खळ्यात कंदील लावून सगळे बसले, लेकरं मांडीवर, बैलं सोडलेली. घड्याळ एकट्या काकांकडे. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, बारा झाले.

आजीनं गोधडी नीट केली आणि म्हणाली, "त्यांचं मोजायचं चुकलं असंल. उद्या येईल."