पॅनफिशसाठी गांडूळ की प्लॅस्टिक? आमिष निवडताना या चुका टाळा

इकडे अमेरिकेत मे महिना आला की आपल्या मंडळींत हा प्रश्न निघतोच, मुलांना घेऊन तळ्यावर जायचंय, ब्लूगिल नाहीतर क्रॅपी (तव्यात मावतील एवढे हे छोटे मासे म्हणजेच पॅनफिश) पकडायचेत, तर जिवंत आमिष घ्यायचं की आर्टिफिशियल? मग एक जण म्हणतो गांडुळाला तोड नाही आणि दुसरा म्हणतो हात कशाला घाण करताय, प्लॅस्टिकचा जिग (जड डोक्याचा गळ, त्यावर मऊ प्लॅस्टिकचं आमिष) लावा. माझं स्पष्ट मत आहे की पॅनफिशच्या बाबतीत बहुतेकदा आमिष चुकलेलं नसतंच, साइझ चुकलेली असते. ती दुरुस्त केल्याशिवाय गांडूळ की जिग यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे अख्खा नाइटक्रॉलर, म्हणजे मोठं गांडूळ. दुकानात बारा-पंधरा गांडुळांचा डबा मिळतो, त्यातलं एक उचलायचं, तीन-चार वेढे देऊन गळाला लावायचं आणि दोन इंच शेपूट खाली लोंबकळत सोडायचं, असं सर्रास चालतं. ब्लूगिलचं तोंड केवढंसं असतं ते एकदा नीट बघा, तळहाताएवढ्या माशाच्या तोंडातसुद्धा करंगळी जेमतेम जाते. तो आमिषाजवळ येतो, थांबतो, बघतो आणि पाण्यासकट आत ओढतो, पटलं नाही तर लगेच बाहेर टाकतो. लोंबणारं शेपूट असलं की तो फक्त तेवढंच धरतो, वर बॉबर (लाइनला लावलेला, पाण्यावर तरंगणारा गोळा) थरथरत राहतो, तुम्ही ओढता आणि हातात येतं अर्धं गांडूळ. बॉबर नाचतोय पण मासा लागत नाही अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के वेळा हेच कारण समजा. अर्ध्या ते एक इंचाचा तुकडा पुरतो, टोक झाकलं जाईल इतकाच, आणि गळ ८ किंवा १० नंबरचा, लांब दांडीचा. इथे नंबर वाढला की गळ लहान होतो हे लक्षात ठेवा, कारण नवीन लोक रॉडबरोबर आलेला, बास या मोठ्या माशाच्या मापाचा गळच वापरत बसतात.

बॉबरचंही तेच, लिंबाएवढा लाल-पांढरा गोळा नको. माशाने आमिष तोंडात घेतलं की त्याला वरून ओढ जाणवते आणि तो सोडून देतो. पेन्सिलीसारखा बारीक फ्लोट (म्हणजे बॉबरच) घ्या, लाइन ४ पाउंडाची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी.

क्रॅपीचा मामला वेगळा आहे. तिचं तोंड मोठं पण कागदासारखं पातळ, म्हणून जोरात झटका दिला की ओठ फाटून मासा गेलाच. तिला गांडुळापेक्षा छोटा मिनो (आमिषाचा बारीक मासा) जास्त आवडतो, किंवा १/३२ औंसाचा जिग आणि त्यावर दीड इंचाची मऊ प्लॅस्टिकची ट्यूब. ती वर बघून खाते, त्यामुळे आमिष माशांच्या खाली गेलं तर तुम्ही काहीही लावा, उपयोग नाही. फ्लोट बुडायच्या ऐवजी अचानक आडवा पडला तर समजायचं की तिने खालून येऊन जिग उचललाय, तेव्हा वाट बघू नका, हलकेच उचला. आणि काहीच लागत नसेल तर आमिष बदलण्याआधी खोली बदला, फूट-फूट वर-खाली करून बघा.

आर्टिफिशियल वापरणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे घाई. पाणी ५० फॅरनहाइटच्या खाली असताना मासा सुस्त असतो, तो जिगच्या मागे पळणार नाही, तेव्हा फ्लोटखाली जिग जवळजवळ स्थिर ठेवायचा आणि टोकाला एक वॅक्सवर्म लावायचा (मधमाशांच्या पोळ्यातलं मेण खाणारी ती पांढरी गुबगुबीत अळी). जिवंत आणि आर्टिफिशियल एकत्र वापरायला कुणाची बंदी आहे का? मला तर हेच कॉम्बिनेशन सगळ्यात भरवशाचं वाटतं. फक्त अळीतला रस निघून नुसती सुरकुतलेली साल उरली की लगेच बदला.

उलट पाणी चांगलं तापलं, ब्लूगिल किनाऱ्यालगत खड्डे करून अंडी घालायला लागले, की गांडुळाची गरजच नाही. धक्क्याखाली बोटभर पिल्लांची झुंबड असते, तीच तुमचा डबा संपवतात, अशा वेळी प्लॅस्टिक लावा, ते टिकतं आणि लहान मुलांना दर दोन मिनिटांनी आमिष लावून द्यावं लागत नाही. जिवंत आमिष मासा खोल गिळतो हाही मुद्दा आहे, परत सोडायचा असेल तर घशातला गळ उपसू नका, लाइन जवळून कापा. आणि खड्ड्यावरचा मोठा नर शक्यतो लगेच सोडा, अंड्यांची राखण तोच करतो, तो गेला की बाकीचे मासे अंडी फस्त करतात.

थोडं सांभाळण्याबद्दल. मिनोंच्या बादलीत थेट नळाचं पाणी ओतू नका, क्लोरीनने मरतात. गांडुळांचा डबा उन्हात नको, बर्फाच्या कूलरमध्ये ठेवा. गल्प या ब्रँडसारखं वासाचं तयार आमिष गळावर वाळलं की दगड होतं, म्हणून आठवणीने काढून टाका. आणि वेगवेगळ्या कंपन्यांचं मऊ प्लॅस्टिक एकाच डबीत कोंबू नका, काही मटेरियल एकमेकांना लागून वितळतात.

आता ज्याबद्दल मला खरंच तळमळ आहे ते. उरलेली गांडुळं झाडाखाली सोडून देऊ नका! आपल्याला शाळेपासून शिकवलंय की गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, म्हणून ती मातीत सोडली की पुण्य केल्यासारखं वाटतं. पण मिनेसोटासारख्या राज्यात हिमनद्यांनंतर मूळची गांडुळं नव्हतीच, आज आहेत ती सगळी बाहेरून आलेली, आणि ती जंगलातला पालापाचोळा इतक्या वेगाने संपवतात की खालची रोपटी उगवेनाशी होतात. तिथे ती अशी सोडणं कायद्यानेही चालत नाही. मिनोसुद्धा तळ्यात ओतायचे नाहीत, त्यांच्याबरोबर रोग आणि नको ते जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. डबा बंद करून सरळ कचऱ्यात टाका. मिनोंचे नियम राज्यागणिक बदलतात, न्यूयॉर्कमध्ये तर विकत घेतल्याची पावतीसुद्धा जवळ ठेवावी लागते, तेव्हा लायसन काढताना ते पान एकदा वाचून घ्या.